गोळ्या दहावीनंतर नकोत, याच आठवड्यात

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी आणि मुलगा लहान असल्यापासून माझ्याकडे आहेत. भावोजी आधी गेले, मग ताई टीबीने गेली. मुलगी पंधरा वर्षांची आहे, दहावीत. दोन महिन्यांपूर्वी तिला कमरेवर नागीण झाली, वजन उतरून ३८ किलोवर आलं. डॉक्टरांनी खासगी लॅबमधून रक्त तपासून घेतलं, त्यात एचआयव्ही पॉझिटिव्ह आलंय. तिला ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलंय. आमच्या ह्यांनाही माहीत नाही. औषधं परीक्षेनंतर सुरू केली तर चालेल का? तिला कळू न देता गोळ्या देता येतील का? घर एका खोलीचं आहे, तिची भांडी वेगळी ठेवायची का? धाकटा अकरा वर्षांचा आहे, तो अगदी धडधाकट आहे.
— एक मावशी, विक्रोळी

उत्तर :

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे. परीक्षेपर्यंत थांबू नका, तिच्यापासून लपवून गोळ्या देऊ नका आणि भांडी वेगळी ठेवू नका. धाकट्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण त्याचीही चाचणी करायची आहे.

भांड्यांचं आधी उरकते. ताट, पेला, बाथरूम, अंथरूण, डास, एकमेकींच्या पप्प्या, यांतल्या कशानेही एचआयव्ही लागत नाही. ब्लेड आणि टूथब्रश प्रत्येकाचा वेगळा असावा, तो तर एरवीही असायला हवा. सॅनिटरी पॅड नेहमीसारखं कागदात गुंडाळून टाकायचं. वेगळ्या पेल्यामुळे कुणाचं रक्षण होत नाही. उलट शेजारणीला प्रश्न पडतो, आणि मुलीला कळतं की घरात आपली जागा बदलली.

आता थांबण्याबद्दल. पंधराव्या वर्षी नागीण आणि सोबत वजन उतरणं याचा अर्थ प्रतिकारशक्ती बरीच खाली आलेली असू शकते. अशा वेळी मुंबईत सगळ्यात मोठी भीती टीबीची, आणि तिच्या आईला तर टीबीच होता. पूर्वी प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी ठराविक आकड्याखाली गेल्यावरच औषधं सुरू करत. २०१७ पासून भारतात तो नियम राहिलेला नाही. निदान पक्कं झालं की सीडी४ कितीही असो, औषध सुरू होतं. टीबीची किंवा मेंदूच्या संसर्गाची लक्षणं नसतील तर आठवडाभरात, कधी कधी त्याच दिवशी. सुरुवातीची डोकेदुखी, मळमळ, झोपेची गडबड बहुतेकींना दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणजे आज सुरू केलं तर परीक्षेपर्यंत ती स्थिरावलेली असेल. थांबलात तर ऐन पेपरच्या दिवसांत ताप-खोकला घेऊन ओपीडीच्या रांगेत उभं राहावं लागू शकतं.

पहिली पायरी आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्र. खासगी लॅबच्या एका रिपोर्टवर एआरटी (एचआयव्हीची औषधं) केंद्रात नाव लागत नाही. पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत वेगवेगळ्या प्रकारच्या तीन किट्सवर रक्त पुन्हा तपासतात, तिन्ही पॉझिटिव्ह आल्या तरच निदान पक्कं. चाचणी फुकट आहे आणि निकाल बहुधा त्याच दिवशी हातात येतो. तिथूनच एआरटी केंद्राची चिठ्ठी मिळते. सायन, केईएम, नायर, जे. जे. या चारही मोठ्या रुग्णालयांत एआरटी केंद्रं आहेत. विक्रोळीहून सायनला धीमी लोकल थेट जाते, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मुलांसाठी एचआयव्हीचं खास केंद्र आहे. ओळखीचं कुणी त्या रुग्णालयात कामाला असेल तर दुसरं केंद्र निवडायला हरकत नाही. फक्त ते इतकं लांब नको की दर महिन्याची खेप जड होईल. जवळचं केंद्र, वेळा, कागद यांची माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीत मिळते.

सोबत न्यायचं ते असं : तिचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्र, रेशनकार्ड, पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो, आधीचे सगळे रिपोर्ट, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले. मुलगी अज्ञान आहे, त्यामुळे चाचणीची आणि उपचाराची संमती सांभाळ करणाऱ्या मोठ्या माणसाने द्यायची असते. पालकत्वाचा कोर्टाचा कागद नाही म्हणून घरी बसून राहू नका, समुपदेशकाला परिस्थिती जशी आहे तशी सांगा. सकाळी लवकर निघा, डबा न्या, पहिला दिवस लांबतो. केंद्रात दोन नोंदी होतात. एक कार्ड तिथेच राहतं आणि हिरवी पुस्तिका तुमच्याकडे देतात. ती पुस्तिका जपा, दुसऱ्या गावी औषध अडलं तर तीच दाखवायची असते.

त्या दिवशी किंवा पुढच्या खेपेला रक्त जातं सीडी४, हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांसाठी. शिवाय छातीचा एक्स-रे, वजन-उंची, आणि टीबीचे चार प्रश्न : खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. वजन घटल्याचं तुम्ही लिहिलंच आहे, म्हणजे टीबीची नीट तपासणी होणार. तिला खोकला नाही म्हणून ती टाळू नका. टीबी निघालाच तर आधी त्याची औषधं आणि काही आठवड्यांत एआरटी, हा क्रम ठरलेला आहे. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स देतात. सीडी४ ३५० च्या खाली असेल तर इतर संसर्ग टाळणारी कोट्रायमॉक्साझोल ही सल्फाची गोळीही रोज घ्यावी लागते. सल्फाची ॲलर्जी कधी दिसली असेल तर तेव्हा सांगा. हिपॅटायटिस बी निघाला तर एआरटी मनाने मध्येच बंद करणं यकृताला फार महागात पडतं, कारण त्यातलीच दोन औषधं तोही आजार दाबून ठेवत असतात.

३० किलोच्या वर वजन असलेल्या किशोरवयीन मुलांना बहुधा मोठ्यांचीच गोळी मिळते. टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. डबीत ३० गोळ्या असतात.

डबीवर ही नावं छापलेली असतात. पंधरा वर्षांची मुलगी त्यातलं एक नाव फोनवर टाकेल आणि मिनिटभरात तिला सगळं कळेल, रात्री पांघरुणाखाली, एकटीला. तुम्ही लपवलंत हेही त्याच क्षणी कळेल. म्हणून पहिली गोळी तोंडात जाण्यापूर्वी तिला सांगा. एका खोलीच्या घरात निवांतपणा मिळत नाही, त्यामुळे समुपदेशकाची खोली ही त्यासाठी चांगली जागा आहे. आधी तुम्ही एकट्या जाऊन त्यांच्याशी बोला, मग तिला घेऊन जा. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा वगैरे नसलेला दिवस निवडा. शब्द सापडत नसतील तर हे वापरा :

‘तुला नागीण का झाली ते रक्त तपासल्यावर कळलंय. तुझ्या शरीरात एचआयव्ही नावाचा विषाणू आहे. तुझं काही चुकलेलं नाही. रोज एक गोळी घेतली की तो दबून राहतो. तू शिकशील, नोकरी करशील, म्हातारी होशील. मला हे आधी कळलं होतं, पण सांगायची भीती वाटत होती.’

एवढं बोलून गप्प बसा. ती रडेल, चिडेल किंवा ‘बरं’ म्हणून मोबाइल काढेल. त्या दिवशी कंडोम, लग्न, आहार असं सगळं कोंबू नका. पण तिने विचारलं तर सरळ उत्तर द्या. ‘मी मरणार का?’ गोळी रोज घेतली तर याने नाही. ‘आईला हेच होतं?’ खात्री नसेल तर ‘बहुतेक’ म्हणा. ‘आईने मला दिलं?’ या प्रश्नाची तयारी करून जा, कारण तो येतोच. गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, आणि खूप बायकांना स्वतःला तो आहे हेच तेव्हा माहीत नसतं. ‘माझं लग्न होईल का, मुलं होतील का?’ दोन्ही होऊ शकतात, आणि उपचार नीट चालू असतील तर बाळ निगेटिव्ह जन्मण्याची शक्यता खूप मोठी असते.

जन्मतः लागण होऊन पंधराव्या वर्षापर्यंत कळलं नाही, हे होऊ शकतं का? होतं. काही मुलांमध्ये विषाणू इतका सावकाश वाढतो की दहा-पंधरा वर्षं कुणाला शंका येत नाही. धाकट्याच्या चाचणीचं कारण हेच. कुठलाही उपचार झालेला नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. म्हणजे तो सुटलेला असण्याची शक्यता जास्त आहे, पण धडधाकट दिसणं हा काही रिपोर्ट नव्हे.

तरीही, आई-वडिलांकडूनच आला असं गृहीत धरून विषय मिटवू नका. समुपदेशकाला तिच्याशी दहा मिनिटं एकटीशी बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. कुणी जबरदस्ती केली असेल किंवा एखादं नातं असेल तर ते ती तुमच्यासमोर बोलणार नाही. घरी उलटतपासणी अजिबात नको. अठराच्या आतल्या मुलीशी लैंगिक संबंध हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि माहिती मिळालेल्या व्यक्तीला तो पोलिसांना कळवावा लागतो, हे मात्र आधी माहीत असू द्या. तशी वेळ आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते.

औषध सुरू करणं तुलनेने सोपं आहे. ताई, मुलं गळतात ती पुढे, चौथ्या-सहाव्या महिन्यात, तब्येत सुधारल्यावर. आणि त्याचं मुख्य कारण विसराळूपणा नसतं, लपवाछपवी असते. पाहुणे आलेत, डबी कपाटातून काढली तर विचारतील. मैत्रिणीकडे अभ्यासाला राहायचंय. क्लासवरून उशीर झालाय आणि गोळी घरी आहे. मावशीशी भांडण झालंय, तर हाताशी असलेला राग काढायचा एकच मार्ग म्हणजे गोळी न घेणं. एक राहिली की सांगायची भीती, मग दुसरी, मग तिसरी.

आणि मोठी माणसं नेमकं चुकीचं वागतात. रोज रात्री ‘घेतलीस का?’ विचारतात. या प्रश्नाला ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर कोणती मुलगी देईल? केंद्रात दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजतात. ३० नेल्या आणि २८ व्या दिवशी परत आली तर २ उरायला हव्यात. ६ उरल्या तर ४ राहिल्या. मोजणी ही परीक्षा झाली की मुलं आदल्या दिवशी जास्तीच्या गोळ्या संडासात टाकून ‘बरोबर’ डबी घेऊन येतात. कागदावर सगळं शंभर टक्के दिसतं आणि सहा महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी) भलतंच सांगतो. म्हणून प्रश्न बदला. आठवड्यातून एकदा, रागाचा मागमूस नसताना विचारा, ‘या आठवड्यात कुठली राहिली? काय आडवं आलं?’ राहणारच, असं धरून विचारा. तिने खरं सांगितलं की ओरडू नका, पुढच्या वेळी ते कसं टाळायचं तेवढं ठरवा. महिन्यात एखादी राहिली तर आभाळ कोसळत नाही. तीन-चार राहू लागल्या तर केंद्राला सांगायची वेळ झाली.

राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर ती सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाहीत. आठ-दहा दिवस खंड पडला असेल तरी ‘आता मॅडम ओरडतील’ म्हणून तारखेपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी गोळी सुरू करायची आणि केंद्रात जाऊन सांगायचं.

वेळ तिला ठरवू द्या. सकाळची शाळा आणि संध्याकाळचा क्लास असेल तर रात्री जेवल्यावर ९ ची वेळ बऱ्याच मुलींना जमते. डोल्युटेग्रॅविरने झोप उडत असेल किंवा विचित्र स्वप्नं पडत असतील तर सकाळी घ्यायची, पण आधी केंद्रात बोलून. फोनच्या गजराला ‘गोळी’ असं नाव देऊ नका, वर्गात स्क्रीनवर झळकतं. डबी ओट्याजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने गोळ्या खराब होतात. झाकण घट्ट लावा, आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. डबी हलवली की खुळखुळते आणि दप्तरात ते ऐकू येतं, म्हणून मुली गोळ्या कागदात गुंडाळून नेतात. त्यापेक्षा दोन दिवसांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत घालून दप्तरात राहू द्या, अडल्यावेळी उपयोगी पडतात. लेबल फाडायची तिची इच्छा असेल तर घरातल्या डबीचं फाडू नका म्हणावं. कधी इस्पितळात जावं लागलं तर डॉक्टरांना ते हवं असतं.

एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात, आणि ‘रक्त कमी’ म्हणून तुम्हीही देत असाल. लोह, कॅल्शियम आणि डायजिन-जेलुसिलसारखी ॲसिडिटीची औषधं पोटात डोल्युटेग्रॅविरला धरून ठेवतात, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. एचआयव्हीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. शाळेत दुपारी १२ ला लोह आणि रात्री ९ ला ही गोळी, काही अडचण नाही. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्रॅविर ५० मिग्रॅची आणखी एक गोळी १२ तासांनी जोडावी लागते. फिटची काही औषधंही आडवी येतात. थोडक्यात, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधी कधी उलटंच होतं, गोळी सुरू झाल्यावर ताप येतो, मानेला गाठी येतात. प्रतिकारशक्ती जागी होऊन आत दडलेल्या संसर्गाशी भिडते तेव्हा असं घडतं. लोक म्हणतात औषध सोसवलं नाही, आणि बंद करतात. बंद करू नका, लगेच केंद्रात जा. अंगावर पुरळ येऊन सोबत ताप किंवा तोंडात फोड असतील, डोळे पिवळे झाले असतील, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी. वजन वाढेल, ते बहुतेक चांगलंच. पण या वयात मुलींना ते खुपतं आणि न सांगता गोळी सोडायचं ते एक कारण ठरतं, तेव्हा त्याबद्दल आधीच बोलून ठेवा.

सुरुवातीची खेप पंधरा दिवसांनी, मग दर महिन्याला. तब्येत आणि गोळ्या नीट चालू राहिल्या की एकदम तीन महिन्यांच्याही मिळू शकतात. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जायचं असेल तर निघण्याआधीच जास्तीच्या मागून घ्या. व्हायरल लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा. १००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीन महिने समुपदेशन करतात, पुन्हा तपासतात, तरीही वरच राहिला तर पुढचा विचार. सापडूच नये इतका कमी आला आणि तसाच टिकला तर लैंगिक संबंधातून विषाणू दुसऱ्याला जात नाही. ही गोष्ट तिला आज नाही तरी वर्षभरात, कंडोमच्या माहितीसोबत, नक्की कळू द्या. गोळी घ्यायला इतकं पटणारं दुसरं कारण त्या वयात सापडत नाही.

यजमानांचं काय करायचं, हे तिला कळल्यावर तिच्याशी बोलून ठरवा. तुम्ही आजारी पडलात तर तिला केंद्रात कोण नेणार, यासाठी घरात आणखी एक माणूस विश्वासात असणं सोयीचं असतं. ते यजमान असतील किंवा एखादी आत्या, निवड तिची. शाळेला सांगण्याचं बंधन नाही. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करणं, संमतीशिवाय कुणाला सांगणं आणि शाळेत या कारणाने वेगळी वागणूक देणं, तिन्हींना मनाई आहे. क्लास टीचरला ‘दर महिन्याला रक्ताच्या तपासणीला जावं लागतं’ एवढं पुरे.

ती सतत एकटी बसत असेल, जेवण-झोप उडाली असेल, ‘कशाला जगायचं’ असं काही बोलली असेल, तर ‘दहावीचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि केंद्रातल्या डॉक्टरांनाही सांगा. तिच्या वयाच्या मुलामुलींचा गट केंद्राशी जोडलेला आहे का, तेही विचारा. मावशीने शंभर वेळा सांगितलेलं जे पटत नाही ते सतरा वर्षांच्या ताईने एकदा सांगितलं की पटतं.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘एड्स मुळापासून बरा’ छापाच्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नका. गोळ्या, सीडी४, व्हायरल लोड सगळं सरकारी केंद्रात मोफत आहे. आई-वडील नसलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. दोन्ही मुलांसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करा. मृत्यूचे दाखले आणि रेशनकार्ड तिथेही लागतील, तेव्हा झेरॉक्स काढतानाच जास्तीच्या काढून ठेवा.